विष नसलेला जिवाणू माणसाला आजारी कसा पाडतो?

मागील अंकात, उन्हाळ्यात अमेरिकेत मुलांकडे राहायला जाणाऱ्या पालकांसाठी काही सूचना दिल्या होत्या. अंगणातल्या गवतात फिरून आल्यावर अंगाला गोचीड चिकटलेली नाही ना ते पाहावे, लाइम रोगाची शक्यता असते, एवढे एकच वाक्य त्यात या रोगाविषयी होते. त्या एका वाक्यावर आलेली पत्रे बाकीच्या साऱ्या सूचनांवरील पत्रांपेक्षा अधिक भरली, म्हणून या वेळचे सदर त्याच, गोचिडीच्या दंशातून शिरणाऱ्या जिवाणूमुळे होणाऱ्या रोगाला दिले आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे न छापता फक्त गावे दिली आहेत.

प्रश्न : गेल्या जूनमध्ये आम्ही उभयता न्यू जर्सीला मुलीकडे होतो. जावयांच्या मांडीच्या मागच्या बाजूला तांबूस चट्टा उठला आणि चार-पाच दिवसांत तो तळहाताएवढा झाला. तो दुखत नव्हता, फारसा खाजतही नव्हता. तिथल्या डॉक्टरांनी चट्टा पाहिला आणि रक्त तपासायला न पाठवताच दहा दिवसांसाठी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या. इकडे परतल्यावर आमच्या ओळखीच्या डॉक्टरांना हे पटले नाही. तपासणीशिवाय अँटिबायोटिक देणे योग्य होते का? गोचीड चावल्याचे तर जावयांना आठवतही नाही. (पुणे)

उत्तर : तिथल्या डॉक्टरांनी योग्य तेच केले. लाइम रोगाची नेहमीची रक्ततपासणी जिवाणू शोधत नाही, तर जिवाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. ही प्रतिपिंडे मोजता येण्याइतकी वाढायला काही आठवडे लागतात, त्यामुळे चट्टा नुकताच उठलेला असताना केलेली तपासणी निम्म्याहून अधिक रुग्णांत ‘रोग नाही’ असे सांगून मोकळी होते. अशा खोट्या दिलाशापेक्षा न केलेली तपासणी बरी. रक्तातून प्रत्यक्ष जिवाणूच वाढवून पाहावा म्हटले, तर तो रक्तात फार थोड्या संख्येने असतो आणि प्रयोगशाळेत त्याला वाढवायला खास माध्यम आणि काही आठवड्यांचा धीर लागतो. म्हणूनच ज्या प्रदेशात हा रोग नित्याचा आहे तिथे पसरत जाणारा चट्टा हाच निदानाचा पुरेसा आधार मानतात. पुण्यात तसाच चट्टा दिसला असता तर डॉक्टरांनी आधी गजकर्णाचा विचार केला असता, आणि तेही योग्यच ठरले असते. कोणता रोग कुठे आढळतो हे ठाऊक असणे म्हणजे निम्मे निदान झाल्यासारखेच असते.

या चट्ट्याला इरिथिमा मायग्रन्स, म्हणजे सरकणारी लाली, असे नाव आहे. दंशानंतर ३ ते ३० दिवसांत, बहुधा आठवडाभराने, तो दिसू लागतो आणि ५ सेंटिमीटरहून मोठा होतो. गोचिडीने जिथे सोंड रोवली तिथून जिवाणू त्वचेच्या आतल्या थरातून चहूबाजूंना पसरत जातात, शरीराच्या संरक्षक पेशी त्यांच्या मागावर येतात, आणि बाहेरून जी लाली दिसते ती त्या झटापटीची असते. दंशानंतर काही तासांतच उठून एक-दोन दिवसांत विरणारी लहानशी गांधी निराळी, ती केवळ लाळेवरची प्रतिक्रिया असते. पुस्तकांतील छायाचित्रांत या चट्ट्यात एकात एक वर्तुळे दाखवलेली असतात, परंतु अमेरिकेतील बऱ्याच रुग्णांत तो सलग तांबूसच असतो. त्यातही ही छायाचित्रे बहुतेक गोऱ्या त्वचेची असतात. आपल्या सावळ्या वर्णावर तीच लाली जांभळट किंवा नुसती काळपट दिसू शकते आणि नजरेतून सुटते, याची जाणीव तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींनी ठेवलेली बरी. शंभरांतील वीस-तीस रुग्णांत तर चट्टा उठत नाही किंवा कोणाच्या लक्षात येत नाही.

गोचीड आठवत नाही याचेही नवल नको. माणसाला बहुधा चावते ती पूर्ण वाढ न झालेली गोचीड, आणि ती खसखशीच्या दाण्याएवढी असते. मांडीची मागची बाजू, काख, जांघ, केसांची कड अशा आडजागी ती चिकटते, आणि तिच्या लाळेत खाज व वेदना दडपणारी द्रव्ये असतात.

प्रश्न : मी वन विभागातून निवृत्त झालो आहे. हा रोग हरणांमुळे पसरतो असे वाचले, मग हरणांची संख्या आटोक्यात आणली की प्रश्न सुटत नाही का? दुसरे असे, की गोचीड चिकटून एक दिवस उलटल्याशिवाय रोग होत नाही म्हणतात. डास तर क्षणात मलेरिया देऊन जातो. गोचिडीला एवढा वेळ का लागावा? (नाशिक)

उत्तर : आधी नावाविषयी, कारण एका पत्रात या रोगाचा लिंबाशी काय संबंध अशी पृच्छा आहे. लाइम हे अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील एका गावाचे नाव आहे. तिथे आणि शेजारच्या दोन गावांत अनेक मुलांचे गुडघे सुजत होते, आणि मुलांना होणारा संधिवात हा इतका दुर्मीळ रोग की एकाच रस्त्यावरच्या अनेक घरांत तो असणे संभवत नाही, हे १९७५ मध्ये दोन आयांनी आरोग्य खात्याच्या आणि डॉक्टरांच्या ध्यानी आणून दिले. येल विद्यापीठातील ॲलन स्टीअर यांनी शोध घेतला तेव्हा ३९ मुले आणि १२ प्रौढ असे ५१ रुग्ण निघाले. बहुतेकांची घरे झाडीत होती, बहुतेकांचा आजार उन्हाळ्यात किंवा शरदाच्या सुरुवातीला सुरू झाला होता, आणि चौथाई रुग्णांना त्याआधी उठलेला एक विचित्र, पसरत जाणारा चट्टा आठवत होता. असा चट्टा स्वीडनमधील त्वचारोगतज्ज्ञ आर्विड अफझेलियस यांनी १९०९ मध्येच सांगून ठेवला होता आणि त्याचा संबंध गोचिडीच्या दंशाशी जोडला होता. जिवाणू मात्र १९८१ मध्ये सापडला, तोही दुसरेच काही शोधताना. मोंटाना राज्यातील प्रयोगशाळेत विली बर्गडॉर्फर हे न्यूयॉर्कजवळच्या शेल्टर बेटावरील गोचिडी रिकेट्सिया या जंतूंसाठी चिरून पाहत होते, आणि त्यांच्या आतड्यात त्यांना नागमोडी, बारीक जिवाणू दिसले. तरुणपणी त्यांनी प्रबंधासाठी अशाच जिवाणूंचा गोचिडींमध्ये अभ्यास केलेला होता, म्हणून त्यांची नजर तिथे अडली. दुसऱ्या कोणाची कदाचित पुढे सरकली असती. १९८४ मध्ये या जिवाणूला बोरेलिया बर्गडॉर्फेरी असे त्यांचेच नाव मिळाले.

आता हरणांविषयी. या गोचिडीचे आयुष्य साधारण दोन वर्षांचे असते आणि तेवढ्यात ती फक्त तीन वेळा रक्त पिते : डिंभ असताना एकदा, अर्धवट वाढलेली असताना एकदा, आणि प्रौढ झाल्यावर मादी एकदा. अंड्यातून निघालेल्या डिंभात हा जिवाणू नसतो, कारण मादीकडून तो अंड्यांत उतरत नाही. त्याला तो मिळतो पहिल्या जेवणात, आणि पूर्व अमेरिकेत ते जेवण बहुधा पांढऱ्या पायांच्या रानउंदराचे रक्त असते. या उंदराच्या अंगात जिवाणू महिनोन् महिने सुखाने नांदतो आणि उंदीर आजारी पडत नाही. हरणाचे रक्त पिऊन मात्र गोचीड संसर्गित होत नाही. हरिण हे प्रौढ गोचिडींचे जेवणाचे आणि विवाहाचे ठिकाण आहे, रोगाचे कोठार नव्हे. म्हणून हरणे फार कमी केली तर गोचिडी घटतात हे खरे असले, तरी हरणे थोडीबहुत घटली म्हणून रोगही त्याच प्रमाणात घटतो असे नाही. उंदीर आहेत तोवर जिवाणूला घर आहेच.

वेळ लागण्याचे कारण असे, की मलेरियाचे परजीवी डासाच्या लाळग्रंथीत आधीच येऊन थांबलेले असतात, तर भुकेल्या गोचिडीतील बोरेलिया तिच्या आतड्यात, आतड्याच्या अस्तराला घट्ट चिकटून, महिनोन् महिने उपाशी बसलेला असतो. चिकटण्यासाठी तो ओएसपीए नावाचे प्रथिन अंगावर मिरवतो, आणि गोचिडीच्या आतड्यावर त्या प्रथिनाला धरून ठेवणारे दुसरे प्रथिन असते. गोचीड माणसाला डसली आणि ऊबदार रक्त आतड्यात येऊ लागले, की तापमान वाढते, आम्लता बदलते, अन्न मिळते, आणि या खुणा ओळखून जिवाणू आपला पेहराव पालटतो. तो ओएसपीए बनवणे थांबवतो आणि ओएसपीसी हे दुसरे प्रथिन बनवू लागतो, संख्येने वाढतो, आतड्याची भिंत ओलांडतो, गोचिडीच्या शरीरद्रवातून लाळग्रंथीपर्यंत जातो आणि मग लाळेबरोबर त्वचेत उतरतो. एवढ्या तयारीला सर्वसाधारणपणे एक दिवसाहून अधिक वेळ जातो. संध्याकाळी अंग तपासून गोचीड काढून टाकण्याचा सल्ला या प्रवासावर आधारलेला आहे. बारीक टोकाच्या चिमट्याने ती त्वचेलगत धरावी आणि सरळ वर ओढावी. रॉकेल, चुना, तंबाखू किंवा पेटती काडी लावण्याचे प्रयोग करू नयेत, कारण चिडवलेली गोचीड सुटण्याऐवजी अधिक लाळ ओतण्याचीच शक्यता असते.

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत आहे. घटसर्प, धनुर्वात, पटकी या रोगांत जिवाणूचे विष काय करते ते आम्ही शिकलो. बोरेलियाकडे मात्र विषाचे एकही जनुक सापडलेले नाही असे सरांनी सांगितले. मग गुडघा सुजतो, चेहरा वाकडा होतो, हृदयाचे ठोके मंदावतात, हे सारे कशाने होते? (कोल्हापूर)

उत्तर : हा प्रश्न आला नसता तर मी तो स्वतःच विचारून घेणार होतो, कारण या जिवाणूची सारी गंमत त्यात आहे.

बोरेलियाचा संपूर्ण जनुकसंच १९९७ मध्ये वाचला गेला. त्याचे मुख्य गुणसूत्र सुमारे ९ लाख १० हजार अक्षरांचे आहे. क्षयाच्या जिवाणूचे सुमारे ४४ लाख अक्षरांचे असते. शिवाय बहुतेक जिवाणूंचे गुणसूत्र वर्तुळाकार असते, याचे सरळ दोरीसारखे आहे, आणि जोडीला वीसहून अधिक सुटी प्लाझ्मिडे, म्हणजे गुणसूत्राबाहेरचे डीएनएचे छोटे तुकडे, आहेत. या जनुकसंचात काय आहे यापेक्षा काय नाही ते पाहण्यासारखे आहे. अमिनो आम्ले, मेदाम्ले, डीएनएचे घटक यांतले काहीही स्वतः बनवण्याची सोय त्याच्याकडे नाही, सारे यजमानाकडून उचलावे लागते. आपले शरीर जंतूंची उपासमार करण्यासाठी लोह लपवून ठेवते, पण हा जिवाणू लोहावाचून जगतो आणि त्याच्या जागी मँगनीज वापरतो, त्यामुळे तो डावही वाया जातो. विष बनवण्याचा खर्च अशा काटकसरी प्राण्याला परवडला नसता, आणि त्याची त्याला गरजही नाही. जो उंदरात महिनोन् महिने राहून पुढच्या गोचिडीची वाट पाहतो, त्याला यजमान मारून काय मिळणार? माणूस त्याच्या हिशेबात मुळी नाहीच. माणसातून तो सहसा पुढे कोठेच जात नाही.

पण राहायचे तर टिकले पाहिजे, आणि टिकण्याच्या त्याच्या युक्त्या पहिल्या क्षणापासून सुरू होतात. गोचिडीच्या लाळेतील सॅल्प १५ नावाचे प्रथिन ओएसपीसीला बिलगते, जिवाणूभोवती जणू पांघरूण घालते आणि त्या जागेतील टी पेशींना, म्हणजे शरीराच्या एका प्रकारच्या संरक्षक पेशींनाही, थंड करते. रक्तातील कॉम्प्लिमेंट ही प्रथिनांची साखळी परक्या पेशीला भोके पाडते, आणि आपल्याच पेशींवर ती चालू नये म्हणून फॅक्टर एच नावाचे प्रथिन तिला आवरते. बोरेलिया हे फॅक्टर एच आपल्या अंगावर चिकटवून घेतो आणि ‘मी तुमचाच’ असे भासवतो. ऊतींतून वाट काढायला लागणारी कात्रीही त्याच्याकडे स्वतःची नाही, म्हणून तो आपल्या रक्तातील प्लाझ्मिनोजेन पकडतो, आपल्याच शरीराकडून ते कार्यान्वित करून घेतो आणि त्याने पेशींमधील जाळे कापतो.

त्याची चालही वेगळी आहे. इतर बहुतेक जिवाणूंच्या कशाभिका, म्हणजे पोहण्यासाठीचे चाबकासारखे दोरे, बाहेर असतात. याच्या कशाभिका दोन्ही टोकांना, बाहेरच्या पटलाच्या आत गुंडाळलेल्या असतात, आणि त्या फिरू लागल्या की साऱ्या शरीरातूनच लाट जाते. त्याचा नागमोडी आकारही त्या कशाभिकांमुळेच असतो. त्यांचे जनुक काढून टाकले तर तो सरळ काडीसारखा होतो आणि संसर्ग करू शकत नाही. आपल्याकडच्या लेप्टोचा जिवाणू याच मोठ्या घराण्यातला आहे, मात्र लेप्टोचा जिवाणू ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात तग धरतो, बोरेलियाला गोचीड किंवा यजमान यांच्याबाहेर आयुष्य नाही. पाण्यापेक्षा घट्ट, लापशीसारख्या माध्यमात, जिथे इतर जिवाणू अडकून पडतात, तिथे हा सहज चालतो, आणि त्वचेचा आतला थर नेमका तसाच असतो. तिथे कोलाजेनच्या तंतूंवर डेकोरिन नावाचा रेणू असतो, त्याला धरण्यासाठी जिवाणूकडे दोन प्रथिने आहेत. रक्तवाहिनीत शिरल्यावर तो फायब्रोनेक्टिन या आपल्या शरीरातील चिकट प्रथिनाला धरून वाहत्या रक्तात वेग कमी करतो, भिंतीला लगटून घसरत जातो आणि पेशींच्या सांध्यातून बाहेर पडतो. जिवंत उंदराच्या त्वचेतील रक्तवाहिन्यांत हे सारे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले आहे. सांधे, हृदय, मज्जातंतूंची आवरणे अशी संयोजी ऊतींनी भरलेली ठिकाणे तो का गाठतो, याचा बराचसा उलगडा या पकडींतून होतो.

एव्हाना शरीराने ओएसपीसीविरुद्ध प्रतिपिंडे तयार केलेली असतात, आणि जिवाणूने तोही पेहराव उतरवलेला असतो. आता अंगावर येते व्हीएलएसई हे प्रथिन. या एका जनुकाशेजारी पंधरा मुकी जनुके असतात, जी स्वतः कोणतेही प्रथिन बनवत नाहीत. त्यांतले तुकडे उचलून जिवाणू चालू जनुकात डकवत राहतो, त्यामुळे शरीराने एका रूपाविरुद्ध प्रतिपिंड बनवावे तोवर जिवाणूंच्या पुढच्या पिढीत ते रूप बदललेले असते. हा उद्योग गोचिडीत किंवा परीक्षानळीत चालत नाही, सस्तन प्राण्याच्या शरीरातच चालतो. ज्या जिवाणूंत हे जनुक वाहणारे प्लाझ्मिड नसते ते निरोगी उंदरात टिकत नाहीत, पण प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात टिकतात. वेश बदलण्याचे काम कोणाला चुकवण्यासाठी आहे, हे त्या एका प्रयोगातून कळते. या प्रथिनाचा एक भाग मात्र कधी बदलत नाही, आणि रक्ततपासणीच्या एका प्रकारात नेमक्या त्याच भागाविरुद्धची प्रतिपिंडे शोधतात.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. जिवाणूच्या अंगावरची ही सारी प्रथिने मेदाच्या एका शेपटीने पटलात रोवलेली असतात. आपल्या पेशींवरील टीएलआर २ नावाचा पहारेकरी ही शेपटी ओळखतो आणि गजर करतो. पेशी सायटोकाइन ही दाहाचा संदेश देणारी द्रव्ये सोडतात, पांढऱ्या पेशी धावून येतात, द्रव साठतो, आणि सूज येते ती या धावपळीची. सुजलेल्या गुडघ्यातून काढलेल्या द्रवात पांढऱ्या पेशींची गर्दी असते, जिवाणू मात्र शोधावे लागतात. चेहऱ्याच्या मज्जातंतूभोवती दाह झाला की चेहऱ्याचा स्नायू लुळा पडतो. हृदयात वरच्या कप्प्याकडून खालच्या कप्प्याकडे संदेश नेणाऱ्या मार्गाजवळ दाह झाला की ठोके अडखळतात, आणि हे नोंदलेल्या शंभर रुग्णांमागे साधारण एकात घडते. अँटिबायोटिकचा पहिला डोस दिल्यावर काही रुग्णांचा ताप उतरण्याऐवजी एक दिवसासाठी चढतो, कारण मरणाऱ्या जिवाणूंचे तुकडे एकदम बाहेर पडतात आणि तोच गजर अधिक जोरात वाजतो. विषारी जिवाणूंच्या रोगात आपण विषाने आजारी पडतो, इथे बव्हंशी स्वतःच्या प्रतिकाराने. पांढऱ्या पायांचा रानउंदीर आजारी पडत नाही तो जिवाणू कमी असतात म्हणून नव्हे, तर त्याचे शरीर त्यांच्यावर एवढे चवताळत नाही म्हणून.

परीक्षेसाठी एक पुस्ती जोडतो. युरोपात बोरेलिया गारिनी ही जात मज्जासंस्थेकडे आणि बोरेलिया अफझेली ही त्वचेकडे अधिक झुकते, तर अमेरिकेतील बर्गडॉर्फेरी सांध्यांकडे. त्यामुळे एकाच नावाचा रोग दोन खंडांत काहीसा निराळा दिसतो.

प्रश्न : लाइम झालेल्या माणसाच्या सहवासाने, एकाच ताटात जेवल्याने हा रोग लागतो का? (सातारा)

उत्तर : नाही. तो गोचिडीवाचून एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही.

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला कनेटिकटमध्ये दोन वर्षांपूर्वी लाइम झाला. औषधाचा पूर्ण कोर्स झाला, तरी थकवा, अंगदुखी आणि विसराळूपणा गेलेला नाही. तिथल्या एका खासगी चिकित्सकाने जिवाणू शरीरात दडून बसला आहे असे सांगून सहा महिने शिरेतून अँटिबायोटिक घेण्याचा सल्ला दिला आहे. खर्च प्रचंड आहे. काय करावे? (डोंबिवली)

उत्तर : बहिणीची लक्षणे खरी आहेत, त्यांना मनाचे खेळ म्हणून कोणी धुडकावत असेल तर ते चूक आहे. योग्य उपचारांनंतरही शंभरांतील पाच ते दहा रुग्णांत असा त्रास महिनोन् महिने रेंगाळतो. मात्र त्रास उरला म्हणून जिवाणूही उरला, हे अनुमान तपासून पाहिले गेले आहे. अमेरिकेत २००१ मध्ये आणि नेदरलँड्समध्ये २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत, अशा रुग्णांपैकी काहींना दीर्घकाळ अँटिबायोटिके आणि काहींना तशीच दिसणारी निष्क्रिय औषधे दिली गेली. एका गटाची प्रकृती दुसऱ्यापेक्षा अधिक सुधारली असे आढळले नाही. शिरेत महिनोन् महिने नळी ठेवण्याचे धोके मात्र खरे असतात : नळीतून रक्तात जंतुसंसर्ग, रक्ताच्या गुठळ्या, आणि आतड्यातील उपयुक्त जिवाणू मेल्याने होणारा गंभीर अतिसार. माझे स्पष्ट मत असे, की तो सल्ला मानू नये.

मग त्रास कशाचा? एक धागा मला विशेष वाटतो. बहुतेक जिवाणू वाढताना आपल्या पेशीभित्तिकेचे सुटे झालेले तुकडे परत वापरतात. बोरेलियाकडे ती सोय नाही, त्यामुळे तो दर पिढीला भित्तिकेचा जवळजवळ ४५ टक्के भाग बाहेर टाकून देतो. हे तुकडे दाह चेतवतात, आणि औषधोपचार झालेल्या, जिवाणूचा मागमूस न उरलेल्या रुग्णांच्या सांध्यातील द्रवात ते सापडले आहेत. पाहुणा गेला पण कचरा राहिला, असा हा प्रकार आहे, आणि कचऱ्यावर अँटिबायोटिकचा काय उपयोग? काही रुग्णांत प्रतिकारशक्तीशी संबंधित अशा विशिष्ट एचएलए जनुकप्रकारांमुळे दाह लवकर शमत नाही असेही आढळले आहे, त्यांना दाह कमी करणारी, संधिवातातली औषधे उपयोगी पडतात. हे सारे सांध्यांच्या बाबतीत जितके स्पष्ट आहे तितके थकव्याच्या बाबतीत नाही. म्हणून बहिणीने थायरॉइड, रक्तक्षय, झोपेतील श्वासावरोध, नैराश्य यांची तपासणी एखाद्या विद्यापीठाशी संलग्न रुग्णालयात जरूर करून घ्यावी. लाइमचा शिक्का बसला की बाकीची कारणे पाहायचीच राहून जातात. आणि पुन्हा रक्त तपासून प्रतिपिंडे आढळली तरी घाबरू नये, ती जिवाणू गेल्यावरही वर्षानुवर्षे राहतात. मात्र ती पुढच्या दंशापासून संरक्षण देतीलच असे नाही. ओएसपीसीची अनेक रूपे निसर्गात फिरत असतात, आणि एकाविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्याला ओळखत नाहीत, म्हणून लाइम पुन्हा होऊ शकतो.

प्रश्न : आमची काजूची बाग आहे. आमच्याकडे गोचीड चावून माकडताप येतो. तो आणि हा लाइम एकच का? डॉक्सिसायक्लिन घरात ठेवून चालेल का? (दोडामार्ग)

उत्तर : एकच नव्हेत, आणि हा फरक तुमच्या भागात जिवावर बेतू शकतो. माकडताप, म्हणजे क्यासनूर जंगल रोग, हा विषाणूचा रोग आहे. तो १९५७ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा भागात, माकडे मरून पडू लागल्यावर ओळखला गेला, आणि त्याच्या शोधात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचा, आताच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचा, मोठा वाटा होता. गोव्यात सत्तरी तालुक्यात २०१५ मध्ये आणि सिंधुदुर्गात २०१६ मध्ये त्याचे उद्रेक झाले. त्याची गोचीड हिमाफायसॅलिस या वेगळ्या कुळातली आहे. लाइमची गोचीड आयक्सोडिस कुळातली असते, आणि गुरांच्या अंगावर आपण नेहमी पाहतो त्या गोचिडी या कुळातल्या नव्हेत. भारतातून लाइमचे तुरळक रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत, परंतु डिसेंबर ते मे या काळात तुमच्या बागेतील माणसाला अचानक सणसणून ताप, असह्य डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू झाली तर विचार माकडतापाचाच आधी करायला हवा. विषाणूवर डॉक्सिसायक्लिन काम करत नाही. गोळ्या घेऊन दोन दिवस वाट पाहण्यात नेमके तेच दिवस जातात ज्यांत रुग्ण रुग्णालयात असायला हवा, कारण पुढे रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून गोळ्या घरात ठेवू नयेत, प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे, आणि बागेत किंवा रानात माकड मेलेले दिसले तर जवळ न जाता तिथे कळवावे.

दोन्ही रोगांना समान आहे ती अंग झाकण्याची आणि संध्याकाळी अंग तपासण्याची सवय. एक भेद मात्र ध्यानात ठेवावा : लाइमबाबत जो एका दिवसाचा अवकाश वर सांगितला, तो त्या जिवाणूच्या आतड्यापासून लाळेपर्यंतच्या प्रवासाचा आहे. विषाणूंना तो लावता येत नाही. तुमच्या बागेतली गोचीड दिसताक्षणी काढायची.

प्रश्न : लाइमवर लस का नाही? (बोस्टन)

उत्तर : होती. डिसेंबर १९९८ मध्ये तिला अमेरिकेत परवानगी मिळाली, आणि तिची कल्पना मला आजही मोठी चतुर वाटते. वर सांगितलेच आहे की ओएसपीए हे प्रथिन जिवाणू गोचिडीच्या आतड्यातच वापरतो, आपल्या शरीरात येताना ते टाकून देतो. मग त्याच्याविरुद्ध लस टोचून काय साधणार, असे कोणालाही वाटेल. पण लस टोचलेल्या माणसाचे रक्त गोचीड प्यायली की त्या रक्तातील प्रतिपिंडे तिच्या आतड्यात जातात आणि पेहराव बदलण्याआधीच जिवाणूला तिथे गाठून मारतात. म्हणजे लस माणसाला टोचायची आणि ती काम करणार गोचिडीच्या पोटात. तीन डोसांनंतर तिने सुमारे ७६ टक्के संरक्षण दिले. परंतु या लसीनेच सांधेदुखी होते अशी ओरड झाली. अमेरिकी औषध प्रशासनाच्या पाहणीत लस घेतलेल्यांत संधिवात अधिक आढळला नाही, तरी खटले उभे राहिले, मागणी घसरली आणि २००२ मध्ये उत्पादक कंपनीने लस बाजारातून काढून घेतली. याच प्रथिनाची सहा रूपे एकत्र करून बनवलेल्या नव्या लसीची मोठी चाचणी २०२२ मध्ये सुरू झाली. कुत्र्यांसाठीची लस मात्र बाजारातून कधी गेलीच नाही, त्यामुळे तुमच्या शेजाऱ्यांच्या कुत्र्याला ती टोचलेली असण्याची बरीच शक्यता आहे.